गोजराच्या बारा करवंट्या

जिथे ऊन सोसवेल एवढंच तापतं आणि थंडी एका शालीत भागेल एवढीच पडते, अशा एका डोंगरउतारावर मोरधार नावाचं गाव होतं. सकाळी तिथल्या गवतावर दव असं बसायचं, की वाटावं कुणाची मोत्यांची माळ तुटली आणि वेचायची राहून गेली. गावाच्या टोकाला एक मातीचं घर होतं. घरामागे चार खाटा मावतील एवढं परसू होतं. आणि घरात राहायची नऊ वर्षांची गोजरा आणि तिची आई.

आई बांबूच्या टोपल्या विणायची. तिची टोपली पाण्यात बुडवून उचलली तरी घोटभर पाणी आत राहायचं, इतकी घट्ट वीण. पण गेल्या वर्षापासून तिच्या हातातली ताकदच गेली. बोटं थरथरायची, चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. भिंतीला टेकून ती बसून राहायची आणि सुटलेल्या कामट्यांकडे बघायची.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि डोकं हलवलं.

"औषध माझ्याकडे नाही, तुमच्या परसात आहे. रोज एक मूठ ताजी भाजी, आपल्या परसातली, आपल्या हातानं पिकवलेली. पुरतं एक वर्ष. मधे एक दिवसही खाडा पडता कामा नये. पडला तर पहिल्या दिवसापासून मोजायचं." मग आवाज बारीक करून ते गोजराला म्हणाले, "आणि पोरी, दुसऱ्यांदा मोजायला तुझ्या आईच्या अंगात बळ उरेलसं वाटत नाही."

आईला मेथी फार आवडायची. म्हणून दारावर एक बीवाला आला तेव्हा गोजरानं त्याच्याकडून मेथीचं बी घेतलं. तो फार गोड बोलला. "घे गं माझी बाय, चार दिवसांत हिरवंगार होईल." गोजराकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून तिनं घरातला एकुलता एक तांब्याचा तांब्या दिला. तिनं बी पेरलं, पाणी घातलं, चार दिवस वाट पाहिली. आठ दिवस पाहिली. मग बोटानं माती उकरून एक दाणा काढला आणि दाताखाली धरला. कुडुम! दाणा भाजलेला होता.

त्या दिवशी गोजरा रडली नाही. तिनं उरलेलं बी मोरीच्या कोपऱ्यात भिरकावलं, आणि तेव्हापासून कुणी गोड बोललं की तिचे डोळे आपोआप बारीक व्हायला लागले.

आता त्या गावाची एक रीत होती. वर्षाचं सगळं बी अक्षय तृतीयेच्या सकाळी एकदम मातीत जायचं. त्या दिवशी पेरलेलं सरत नाही, अशी सगळ्यांची समजूत. त्यामुळे व्हायचं काय, की भाद्रपद आला की घरोघरी भोपळेच भोपळे. कुणी कुणाच्या घरी भोपळा घेऊन गेलं तर तो दोन भोपळे घेऊन परत यायचा. आणि पौष उजाडला की सगळ्यांच्या चुलीवर नुसतं पिठलं. तरी दर वर्षी सगळे पुन्हा तसंच करायचे.

त्या वर्षीच्या अक्षय तृतीयेला गोजरा रिकामे हात घेऊन मोरीपाशी बसली होती. शेजारी रानअळूचं मोठं बेट होतं. खाजरं अळू, खायच्या कामाचं नव्हे, पण पानं हत्तीच्या कानाएवढी. एका पानाच्या मधोमध दवाचा टपोरा थेंब डुलत होता. सूर्य वर आला, किरण थेंबात शिरला, आणि थेंबातून सात रंगांची भिंगरी फिरल्यासारखी झाली.

भिंगरी थांबली तेव्हा पानावर एक परी बसलेली होती.

कोवळ्या भेंडीएवढी इवलीशी. अंगात भोपळ्याच्या फुलाचा पिवळाधम्मक झगा. पाठीवर कांद्याच्या पापुद्र्यासारखे गुलाबी, झिरझिरीत पंख. पायात मोहरीच्या दाण्यांचे चिमुकले चाळ. ती हलली की आवाज व्हायचा, छुनुछुनु.

"गोजरा, रडू नकोस हं," परी म्हणाली.

"मी रडत नाहीच आहे," गोजरा म्हणाली आणि डोळे बारीक केले. "तू काय विकतेस?"

परी हसली. "मी विकत नाही. मी देते. बारा मागणी देते, महिन्याला एक."

"आणि त्याबद्दल तुला काय मिळणार?"

"सांगितलं तर तुझा विश्वास बसेल?"

"नाही."

"मग कशाला सांगू?"

हे गोजराला पटलं, पण तिनं तसं दाखवलं नाही. ती मोरीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "खरी परी असशील तर ते बी उगवून दाखव."

परीनं तिकडे पाहिलं. तिचे पंख जरासे मिटले. "भाजलेलं बी परीच्या हातानंही उगवत नाही, बाळ. ते एकाच गोष्टीनं उगवतं, आणि ती मी सांगायची नसते."

"झाली पळवाट!"

"असेल," परी शांतपणे म्हणाली. "आता माझे नियम ऐक. मागायचं ते बीच मागायचं, तयार भाजी नाही. दिलेलं सगळं बी एका दिवशी पेरायचं नाही, पेरलंस तर उरलेली मागणी संपली. आणि नव्या वाफ्यातली पहिली मूठ कुंपणापाशी जो उभा असेल त्याची. तो कोण, कुठला, ते विचारून मग द्यायचं नाही."

"आणि कुणी नसलं तर?"

"तर तुमची. पण आधी कुंपणाकडे बघायचं."

गोजरानं खूप विचार केला. मग म्हणाली, "भोपळ्याचं बी दे." गावात सगळे तेच लावत होते.

"भोपळा कधी खाशील?"

"भाद्रपदात."

"आणि तोवर आई काय खाईल?"

गोजरानं बोटांवर महिने मोजले.

"पेरायचं कधी ते प्रत्येक जण बघतो," परी म्हणाली. "तू खायचं कधी ते बघ."

ती गेल्यावर पानावर पळसाचा एक चिमणा द्रोण उरला. त्यात खसखशीहून जरा मोठे, काळेभोर, चकचकीत दाणे होते. माठाचं बी. महिन्याच्या आत भाजी देणारं.

गोजरानं त्यातले चार दाणे पाण्यात टाकून पाहिले. बुडले. चार ओल्या फडक्यात बांधून ठेवले. तिसऱ्या दिवशी पांढरे मोड दिसले. तरी मन मानेना, म्हणून थोडे दाणे तिनं शेजारच्या ठमाकाकूंच्या कोंबडीला घातले आणि दिवसभर त्या कोंबडीच्या मागे मागे फिरली.

"काय गं गोजरे, माझ्या कोंबडीवर का डोळा?" ठमाकाकूंनी विचारलं.

गोजरानं सगळं सांगितलं. काकूंनी कपाळावर हात मारला.

"अगं बाई! अक्षय तृतीयेला सगळं बी पेरू नको म्हणून सांगणारी कसली परी? ही काहीतरी दुसरीच भानगड. आणि पहिली मूठ दुसऱ्याला? तुझ्या घरातलं चांगलं ते बाहेर काढायचा डाव आहे तिचा. सगळं बी एकदम पेर आणि मोकळी हो."

गोजराला काकूंचं म्हणणं खरं वाटलं. परीचंही खोटं वाटलं नाही. कोंबडी मात्र संध्याकाळपर्यंत ठणठणीत होती. तेव्हा गोजरानं हातभर जागा भुसभुशीत केली, चिमूटभर बी पेरलं आणि बाकीचं झाकून ठेवलं. आठ दिवसांनी पुन्हा चिमूटभर. आठ दिवसांनी पुन्हा.

मग ती देवळामागे गेली, फोडलेल्या नारळांच्या बारा करवंट्या गोळा केल्या आणि पडवीत ओळीनं मांडल्या. एक करवंटी म्हणजे एक महिना. जे बी मिळेल त्यातला एक दाणा ती त्या महिन्याच्या करवंटीत टाकायची, ज्या महिन्यात ती भाजी ताटात येणार. लिहिता तिला फारसं येत नव्हतं, पण रिकामी करवंटी लगेच दिसते.

वैशाख सरता सरता लालचुटुक माठाची पहिली मूठ निघाली. गोजरानं कुंपणाकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तिनं झटकन भाजी परकराच्या ओच्यात घेतली आणि घरात पळाली. आईनं पहिला घास खाल्ला आणि गोजरानं भिंतीवर चुन्याचा पहिला ठिपका दिला.

दर महिन्याच्या तिजेला दवाच्या थेंबातून परी यायची. आणि दर वेळी गोजरा तिची उलटतपासणी घ्यायची.

"मागच्या खेपेला पंखांचा रंग जरा निराळा होता."

"तेव्हा ऊन निराळं होतं."

"हं. बघू बी."

हळूहळू करवंट्या तिच्याशी बोलायला लागल्या. आषाढाची करवंटी म्हणाली, पावसात पालेभाजी कुजेल. मग गोजरानं माठाचा वाफा वळचणीखाली उंचावर केला. श्रावणासाठी तिनं दोडका मागितला आणि त्याला मांडव घातला. सगळं गाव भोपळ्यांखाली दबलं होतं, तेव्हा गोजरा पौषाच्या रिकाम्या करवंटीकडे बघत चाकवत आणि वालपापडी पेरत होती. आणि थंडीत तिची वालपापडी बहरली, तेव्हा तिच्या मनात चैत्रातली गवार होती.

पहिली मूठ द्यायची मात्र तिच्या दर वेळी जिवावर यायचं. एकदा कुंपणाशी मेंढरांमागची एक बाई होती, एकदा वाट चुकलेला गोसावी. गोजरा मूठ पुढे करायची आणि त्यांच्या पाठीकडे बघत राहायची. हे परीचेच हेर नसतील कशावरून? एकदा ठमाकाकूच येऊन उभ्या राहिल्या.

"आमच्याकडे पौष लागला गं," त्या तोंड वळवून म्हणाल्या. "काही आहे का?"

गोजरानं चाकवताची मूठ दिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याही पडवीत चार करवंट्या दिसल्या.

इकडे भिंतीवर ठिपक्यांची नक्षी वाढत होती. श्रावणात आईच्या ओठांवर रंग आला. कार्तिकात तिनं स्वतःची वेणी घातली. माघात एक दिवस गोजरा बाहेरून आली तर आई कामट्या मांडीवर घेऊन बसलेली. फाल्गुनात टोपली पुरी झाली. जराशी वाकडी, पण घट्ट.

चैत्राच्या तिजेला परी म्हणाली, "हे शेवटचं मागणं."

गोजरा बराच वेळ अळूच्या पानाशी चाळा करत राहिली. वर्षभर तिनं एक नाव घेतलं नव्हतं. घेतलं की दाताखाली कुडुम वाजायचं.

"मेथी," ती म्हणाली. आणि लगेच, "पण मी तपासून घेणार."

"घे की," परी म्हणाली.

वैशाख लागताच तिनं मेथी पेरली आणि ती उगवली. वैशाखाच्या शेवटी तिची गोल गोल पानं तळहाताएवढ्या उंचीवर आली. भिंतीवर आता एकाच ठिपक्याची जागा उरली होती.

आणि त्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी गारा पडल्या.

लिंबाएवढ्या गारा! तडातड, तडातड. गोजरा परसात धावली. हातात आली ती आईनं विणलेली टोपली. तिनं ती मेथीच्या वाफ्यावर पालथी घातली आणि स्वतः पडवीत परतेपर्यंत तिच्या पाठीवर टेंगळं आली. गारांना भिऊन ठमाकाकूंची म्हैस दावं तोडून उधळली, कुंपण फोडून परसात घुसली. गारांनी ठेवलं ते म्हशीनं खाल्लं, म्हशीनं ठेवलं ते तुडवलं.

सकाळी सगळीकडे चिखल होता. मांडव आडवा झाला होता. गोजरानं टोपली उचलली. खाली टोपलीच्या तोंडाएवढी गोल, हिरवीगार मेथी उभी होती. मोजून एक मूठ.

तिनं ती खुडली. आणि तेव्हाच तिला आठवलं, की हा नवा वाफा. ही पहिली मूठ.

कुंपणाकडे बघावं की नाही? न बघताच आत गेलं तर? पण नियम होता, आधी कुंपणाकडे बघायचं. तिनं एक डोळा मिटून, एका डोळ्यानं पाहिलं.

मोडक्या कुंपणापाशी दाढीवाला एक म्हातारा बसला होता. कपडे भिजलेले, बोटं थरथरणारी.

गोजरा मूठ पाठीमागे धरून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मला माहीत आहे तू कोण ते."

म्हातारा दचकला. "कोण?"

"परी."

"मी? परी?" म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला. "पोरी, ही दाढी बघ, ह्या भेगा बघ. अगं, परी असतो तर रात्रभर गारा खात झाडाखाली बसलो असतो होय?"

"रूप बदलून आली आहेस. माझी परीक्षा घ्यायला. आजच बरी आलीस!"

"मी परवापासून काही खाल्लं नाही, एवढंच खरं," म्हातारा म्हणाला आणि गाठोड्यातून तांब्या काढून पाणी प्यायला.

गोजरा बघत राहिली. तांब्याच्या काठावर एक पोचा होता. तो तिनंच पाडला होता, विहिरीच्या पायरीवर.

ही परी नव्हती. हा तर तो बीवाला होता! दाढी वाढलेली, गाल बसलेले, म्हणून ओळखू आला नव्हता.

"तो तांब्या माझ्या आईचा आहे," ती म्हणाली. "भाजलेली मेथी देऊन नेलात तुम्ही."

म्हाताऱ्यानं तांब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "इतक्या गावांतून फिरतो गं. कुणाला काय दिलं ते आठवत नाही," तो पुटपुटला. मग मान खाली घालून म्हणाला, "पण मीच दिलं असणार." त्यानं तांब्या कुंपणाच्या खांबाला टेकवून ठेवला आणि उठायला गेला. उठता येईना. त्यानं खांब धरला, तेव्हा त्याची बोटं अशी थरथरत होती, की गोजराला आई आठवली. वर्षापूर्वीची आई, मांडीवरच्या कामट्या उचलू न शकणारी.

गोजरानं मागे वळून दाराकडे पाहिलं. भिंतीवरची रिकामी जागा तिला तिथूनही दिसत होती. तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"थांबा आजोबा," ती म्हणाली. "बसा."

ती आत गेली. चूल पेटवली. मेथी चिरली, लसूण घातला, एक भाकरी थापली. आई भिंतीशी बसून सगळं बघत होती. तिनं बाहेरचं बोलणंही ऐकलं होतं.

"आई, आजचा दिवस..." गोजरानं भिंतीवरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

"वाढ त्यांना, बाळ," आई म्हणाली. "गरम आहे तोवर वाढ."

म्हाताऱ्यानं कुंपणाशी बसून भाजी-भाकरी खाल्ली. शेवटचं पान बोटानं पुसून खाल्लं. मग तो हात धुवायला मोरीपाशी गेला. त्याच्या थरथरत्या ओंजळीतून पाणी कोपऱ्यात सांडलं. गाठोडं उचलून तो उतारावरून निघून गेला.

गोजरा ताटली उचलायला मोरीशी आली आणि जागच्या जागी थबकली.

कोपऱ्यात काहीतरी हिरवं हललं. माती फुगली, फुटली. एक वाकडी मान वर आली, सरळ झाली, तिनं दोन पानं उघडली. शेजारी दुसरी. तिसरी. टपटप, टपटप, पाऊस उलटा जमिनीतून वर यावा तशी इवली इवली रोपं उभी राहिली, वाढली, पोपटी झाली, हिरवी झाली.

गोजरानं डोळे बारीक केले. एक रोप उपटून जवळ धरलं. पानाच्या टोकाला बियाचं टरफल अजून चिकटलेलं होतं. तिनं ते दाताखाली धरलं.

कुडुम!

"भाजलेलंच आहे," ती हळूच म्हणाली.

अळूच्या पानावर छुनुछुनु वाजलं. परी उभी होती. तिच्या झग्याचा पिवळा रंग इतका उजळला होता, की चिखलातलं पाणीसुद्धा सोन्यासारखं दिसत होतं.

"हे कशानं उगवलं?" गोजरानं विचारलं.

"अजून मी सांगायला हवं?" परी म्हणाली, आणि तिनं म्हाताऱ्याच्या रिकाम्या ताटलीकडे पाहिलं.

"आणि तुला काय मिळालं? आता तरी सांग. मी विश्वास ठेवीन."

परीनं हात पुढे केला. तिच्या चिमुकल्या तळहातावर गोजराच्या गालावरचा एक थेंब होता. "मी थेंबात राहते, गोजरा. वर्षभर मी दवाच्या थेंबात राहिले, तो दुपारी वाळून जायचा. हा वाळत नाही."

तिनं तो थेंब कपाळाला लावला. परसात एकदम सात रंग फिरले. मोडका मांडव, चिखल, बारा करवंट्या, सगळ्यांवरून तो उजेड मायेनं हात फिरवावा तसा गेला. गोजरानं डोळे उघडले तेव्हा अळूचं पान नुसतंच डुलत होतं.

त्या दुपारी कुंपणाशी कुणी नव्हतं, आणि आईनं ताजी मेथी खाल्ली. मग ती उठली. भिंत न धरता उठली, चुन्याच्या वाटीत बोट बुडवलं, आणि शेवटचा ठिपका तिनं स्वतः दिला. बोट जराही थरथरलं नाही. मग ती चालत कुंपणापर्यंत गेली आणि खांबाशी ठेवलेला तांब्या उचलून घरात घेऊन आली.

पुढे मोरधार गावात अक्षय तृतीयेला चिमूटभरच बी पेरायची रीत पडली. बाकीचं बी पडवीतल्या करवंट्या बघून पेरायचे. गोजरा मोठी झाली तरी दारावर आलेलं प्रत्येक बी पाण्यात टाकून बघायची, दाताखाली धरून बघायची, आणि ठमाकाकूंच्या कोंबडीच्या नातवंडांना घालून बघायची. पण भाजी खुडली, की ती आधी कुंपणाकडे बघायची. दोन्ही डोळ्यांनी.